खदानीतलं पिंपळपान

रामटेके काकूंचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत सकाळचे रक्ताचे नमुने लावत होते. हातात मोजे होते, म्हणून फोन टेबलावर ठेवूनच बोलले. पलीकडून आधी नुसता कोंबड्यांचा आवाज ऐकू आला. मग काकू म्हणाल्या, "वैशाली, तुये सर गेले व... उठवाले गेली तं उठलेच नाई." मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. हातातली नळी मी पुन्हा स्टँडमध्ये नीट ठेवली, एवढं आठवतं. आज त्याला दीड महिना झाला. रामटेके सर झोपेतच गेले, कोणाला त्रास न देता. सेलूत त्यांना ओळखणारे सगळे 'चांगले चित्रकला शिक्षक होते' असं म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण मी त्यांना पाण्याखाली पाहिलं आहे. तसं पाहिलेली माणसं फार थोडी, म्हणून हे लिहायला बसले.

सेलूच्या शाळेत सर आम्हाला पाचवीपासून होते. वर्गात आले की बोलता बोलता फळ्यावर एका दमात वर्तुळ काढायचे. खडू फळ्याला लागला की वर्तुळ पूर्ण होईपर्यंत टेकलेलाच. आमच्यातली आगाऊ पोरं दोरी आणून मधोमध धरून मोजायची. सर बाजूला उभे राहून म्हणायचे, "मोजा, मोजा. चुकलं असंन तं मी पुसतो." कधी पुसावं लागलं नाही. बुद्धजयंतीला वस्तीतल्या विहारावरचा मोठा फलकही तेच रंगवत. शिडीवर उभे राहून, खाली जमलेल्या बायाबापड्यांशी गप्पा मारत, एकेक अक्षर सुतासारखं सरळ. मला चित्रकला कधी जमली नाही. पण हात माणसाचं इतकं ऐकू शकतो, हे मी त्यांच्याकडे बघून शिकले.

शाळा सुटल्यावर सतरा-अठरा वर्षं भेट नव्हती. भेटले ते वर्ध्याच्या जलतरण तलावावर. मी तिथं रविवारी स्कूबा शिकायला जायची. नागपूरहून इम्रान नावाचा प्रशिक्षक सिलेंडर गाडीत घालून यायचा आणि आम्हा सात-आठ हौशी लोकांना पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवायचा. एका रविवारी काठावर एक वयस्क गृहस्थ शर्टाच्या गुंड्यांशी झगडताना दिसले. गुंडी बोटात यायची आणि निसटायची. मी मदतीला गेले आणि ओळखलं. सरांनीही ओळखलं. हात मागे लपवायचा प्रयत्न केला नाही. समोर धरून दाखवला. उजवा जास्त, डावा थोडा कमी, पण दोन्ही हात सारखे थरथरत होते.

"निवृत्तीच्या आधी चार वर्षांपासून हाये," सर म्हणाले. "डॉक्टर म्हणते, जिवाले धोका नाई. पण जाणारबी नाई."

मग हळूहळू बाकीचं कळलं. लग्नाकार्यात जाणं त्यांनी सोडलं होतं, कारण कपबशी वाजायची आणि माणसं वळून बघायची. विहाराचा फलक दुसऱ्याच्या हाती गेला होता. घरातले ब्रश त्यांनी धुऊन, कापडात गुंडाळून माळ्यावर टाकले होते. पोहायला मात्र यायचे. लहानपणी विहिरीत पाठीला सुका भोपळा बांधून शिकलेलं पोहणं अंगात मुरलेलं होतं.

त्या दिवशी आमचा वर्ग संपल्यावर इम्राननं गंमत म्हणून सरांना विचारलं, "सर, एक बार नीचे देखना है?" कमरेइतक्या पाण्यात गुडघे टेकून, तोंडात नळी धरून सर खाली बसले. मी समोर होते. दोन-तीन श्वास झाले असतील, तेव्हा सरांनी उजवा हात स्वतःच्या चेहऱ्यासमोर आणला. तो पूर्ण थांबला नव्हता, पण थरथर इतकी बारीक झाली होती की दिसूही नये. सर हाताकडे बघत राहिले. मग एक बोट लांब केलं आणि पाण्यात सावकाश एक वर्तुळ काढलं... पाण्यावर काही उमटत नाही, पण मला ते दिसलं. माझ्या मास्कमध्ये पाणी आलं. ते बाहेरून आलं नव्हतं.

असं का होतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पाण्याचा दाब आणि गारवा हाताला सांभाळून धरतात, म्हणे. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी लेखी परवानगी दिली, आणि सदुसष्टाव्या वर्षी सर आमच्या वर्गात दाखल झाले. काकूंना हे अजिबात पसंत नव्हतं. "या वयात पाण्याच्या बुडाशी काय ठेवलं हाये तुमचं?" असं त्या माझ्यादेखत म्हणाल्या.  सर म्हणाले, "हात ठेवला हाये माहा."

स्पर्धेची कल्पना इम्रानची. परदेशात पाणबुडे लोक पाण्याखाली भोपळा कोरतात, असं त्यानं फोनवर पाहिलं होतं. आमच्याकडे त्या फळाला कोहळं म्हणतात. पुण्याकडचा लाल भोपळा. केळझरच्या पुढं रस्त्यापासून आत दगडाची एक जुनी खदान आहे. पावसाळ्यात ती भरते आणि पौषात तिचं पाणी हिरव्या काचेसारखं नितळ होतं. जागा ठरली, परवानगी मिळाली, नागपूरहून पाच जोड्या आल्या. सर आणि मी सहावी जोडी. कोहळी जवळच्याच एका बागाईतदार बाईंच्या वावरातली होती. त्या स्वतः बैलगाडीसोबत आल्या आणि काठावर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "कोहळं चिराले पाण्यात काऊन जाता बापा? घरी विळा नाई का?" असं त्यांनी सगळ्यांना एकदमच विचारलं. 

नियम साधे होते. कोरणं सगळं पाण्याखाली. वेळ वीस मिनिटं. कोहळं हातातून सुटून वर आलं, तर जोडी बाद. हा शेवटचा नियम ऐकून मी हसले होते. खाली गेल्यावर कळलं. कोहळं पाण्यात बुडायला तयारच नसतं. वीस फुटांवर, खदानीच्या एका दगडी पायरीशी, मी ते छातीशी कवटाळून पालथी पडले होते आणि ते मला घेऊन वर निघालं होतं. आजूबाजूच्या जोड्यांची तीच गत. कोणी डोळ्यांचे त्रिकोण कापत होतं, कोणी दात. बिया आणि गर सुटून पिवळ्या धुरासारखा वर जात होता आणि बोटभर मासे त्यात घुसत होते.

सरांनी मात्र कोहळं फोडलंच नाही. कोरणी फक्त सालीवर टेकवली आणि देठाभोवती एका दमात वर्तुळ काढलं. तेच, फळ्यावरचं... मला दोरी आठवली. मग त्या वर्तुळाखाली पिंपळाच्या पानाची कड आली, दोन्ही बाजूंनी सारखी. सर साल कुठं जाड, कुठं पातळ काढत होते, त्यामुळे पान कुठं केशरी दिसे, कुठं पिवळसर. मधली शीर झाली. तिच्यातून फुटणाऱ्या बारीक शिरा केसाएवढ्या. वरून येणारा उजेड पाण्यातून हलत होता, मासे हलत होते, मी हलत होते. तो हात तेवढा हलत नव्हता.  

मग हात भरून आले म्हणून मी कुशी बदलली, माझं तोंड खडकाकडे झालं आणि पुढचं मला दिसलं नाही. थंडीनं बोटं बधिर झाली होती. किती वेळ गेला कळलं नाही. एकाएकी छातीशी काहीच नव्हतं. कोहळं निसटलं होतं आणि वर चाललं होतं. मी त्याच्यामागे उसळले... आणि माझा पाय कोणीतरी घट्ट धरला. सर होते. श्वास धरून वेगानं वर जाणं किती धोक्याचं, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी विसरले, सर विसरले नव्हते. त्यांनी मला खाली ओढलं, माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि तळहात आडवा धरून खूण केली, शांत. आम्ही दोघं श्वास सोडत सोडत सावकाश वर आलो.

वर सगळे एका जागी गोळा झाले होते. आमच्या आधी कोहळं एकटंच पाण्यावर आलं होतं. इम्राननं ते उचलून बागाईतदार बाईंच्या हातात दिलं होतं. त्यांनी पदरानं पाणी टिपलं, पानावरून बोट फिरवलं आणि नुसतंच "अगे माय..." म्हणाल्या. आम्ही बाद झालो. बक्षीस नागपूरच्या एका जोडीला मिळालं. त्यांनी टाळ्या थांबवून सरांना नमस्कार केला.

मी दगडावर बसून रडत होते. माझ्यामुळे पान अर्धवट राहिलं, एवढंच डोक्यात होतं. सर शेजारी येऊन बसले. हात पुन्हा थरथरायला लागले होते.

"काऊन रडून राह्यली, पोरी? कोहळ्याचा धर्मच वर येण्याचा."

"सर, तुमचं काम..."

"पान तं कवाचंच झालं होतं," सर म्हणाले. "मग मी नुसता हात पाहून राह्यलो होतो."

त्यानंतर सरांनी घरामागे एक बुटकं सिमेंटचं टाकं आणून ठेवलं. इम्राननं त्यांना पाण्याखाली लिहायची पांढरी प्लास्टिकची पाटी दिली होती. रोज सकाळी सर वेताच्या मोड्यावर बसून दोन्ही हात कोपरापर्यंत गार पाण्यात घालायचे आणि पेन्सिलीनं पाटीवर चित्र काढायचे. एकच पाटी, म्हणून दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचं चित्र पुसायचं. काय काढता, हे काकूंनी कधी विचारलं नाही, आणि सरांनी सांगितलं नाही.

परवा सेलूला गेले होते. काकू मला हात धरून मागे घेऊन गेल्या. टाक्यातलं पाणी स्वच्छ होतं. त्या रोज सकाळी मगानं सावकाश पाणी बदलतात, धार पाटीवर पडू देत नाहीत. तळाशी तीच पाटी, शेवटच्या सकाळचं चित्र तसंच, आणि ती तरंगू नये म्हणून कडेवर एक दगड. मी वाकून पाहिलं. नळाशी भांडी घासणारी एक बाई, पाठमोरी. खांद्यावरून खाली आलेली वेणी, तिचा प्रत्येक पेड वेगळा. पोलक्याची उसवलेली शिवणसुद्धा होती.

"चाळीस वर्षं झाले लग्नाले," काकू म्हणाल्या. "माह्या पाठीकडे असं पाहत होते, मले माईतच नोतं."

मग त्यांनी पदर मागे नेला, हात वळवून ती शिवण चाचपली, आणि टाक्यातल्या पाण्यावर पडलेलं कडुनिंबाचं एक पान अलगद काढून बाजूला टाकलं.