सोलापुरात ऊन कमी पडलं

रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाल्या, "ड जीवनसत्त्व बरंच कमी आहे." सोलापुरात राहून ऊन कमी, यावर मला हसूच आलं. पण माझ्या खोलीतले दोघं चिंचोळी एमआयडीसीत रात्रपाळी करायचे आणि दिवसा झोपायचे. खिडकीला कायम चादर. कॉलेज सोडून मीही त्याच अंधारात पडून राहायला लागलो होतो. आधी अंधार आला की आधी उदासपणा, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

डॉक्टरांनाही तसं ठाम सांगता येईना. "उदास माणसांत हे पुष्कळदा कमी सापडतं. पण नुसत्या गोळीनं मन बरं होईल असं मी म्हणणार नाही. मानसोपचाराचे डॉक्टर पंधरा दिवसांनी सोमवारी येतील, त्यांना भेटा."

शेजारी बसलेल्या आबांनी, माझ्या वडिलांनी, एवढंच उचललं, "म्हंजी ऊन कमी पडलंय. मग चल की घरी."

सांगोल्याकडे आमची मेंढरं आहेत. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. आबा रोज मला कळपाबरोबर माळावर न्यायचे. कुणी विचारलं की सांगायचे, "पोराला ऊन कमी पडलं."

"शिकून सावलीत बसायला गेला, अन् सावलीच बाधली व्हय?" चुलता म्हणाला. आबाही हसले. हे दुखणं चारचौघांत सांगता येत होतं. दुसरं येत नव्हतं.

मी गोळी घेत होतो, रापलोही होतो. पण विहिरीवर पाठवलं की काहीतरी निमित्त काढायचो. मला माझीच भीती वाटत होती.

रविवारी संध्याकाळी आबा मेंढरं कोंडायची वाघर ताणत होते. जाळ्याचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.

"उद्या कशाला जायाचं?" ते म्हणाले. "रंग आलाय की तुला. लोक म्हणतील, येड्यांच्या डॉक्टरकडं नेला."

"आबा, ऊन अंगाला लागतंय. पण आत काय बदललं न्हाय."

"अजून थोडं दिस बघू."

"मला विहिरीकडं जायला भ्या वाटतंय."

आबांनी जाळं सोडलं नाही. "कवापासनं?"

"सोलापुरात असल्यापासनं."

आबांनी खुंटी ठोकली आणि माझ्या हातातलं टोक घेऊन स्वतःच बांधलं.

सकाळी मेंढरं चुलत्याकडे सोपवून आम्ही एसटीसाठी निघालो. पायवाटेवर मी सवयीनं मागे राहिलो. आबा थांबले. "म्होरं हो." आजारी मेंढरू ते कळपाच्या मागे राहू देत नाहीत, नजरेसमोर चालवतात. मी पुढे झालो. फाट्यापर्यंत त्यांच्या पायताणांची करकर माझ्या पाठीशी होती.

फाट्यावर ओळखीची माणसं होती. एकानं विचारलं, "सकाळच्या पारी कुटं निघाला?"

मी खाली बघितलं. आबांनी पटका सारखा केला. "सोलापूरला, डॉक्टरकडं," ते म्हणाले. "पोराच्या मनाला बरं न्हाय."