रुबीनाभाभींनी निवडलेला फोटो

मित्रहो, आज सकाळी कळंबच्या सलीमभाईंसाठी मदतीचे आवाहन लिहायला गेलो होतो. ते दुचाकी दुरुस्त करतात. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याने त्यांचे रक्त शुद्ध करण्याचे काम आता डायलिसिसचे यंत्र करते. हा उपचार थांबवता येत नाही आणि औषध-इंजेक्शनांचा खर्च झेपेनासा झाला आहे.

मी रुग्णालयातला फोटो मागितला. त्यांच्या पत्नी रुबीनाभाभी म्हणाल्या, "भाऊ, खाटेवरचा कायले? आता गाडी खोलून राह्यले ना, तसाच घ्या."

पाना हातात धरून सलीमभाई हसले, "मंग लोक म्हनतीन, याले काय धाड भरली?"

"म्हनू द्या. आपन मदत मागून राह्यलो, कीव नाही."

काय हा बाणेदारपणा! तेव्हाच टिपलेला हसरा फोटो खाली दिला आहे. तो पाहूनही तुमचा हात खिशाकडे जाईल ना?