चुलतसासूच्या पदराच्या गाठी

तिसरं मूलही मेलेलंच निपजलं. मी एकोणीस वर्षांची, बाजेवर पडलेली. रक्त गोधडीतून खाली ठिबकत होतं आणि सासू उंबऱ्यात बसून शेजारणीला सांगत होती, की पुढच्या खेपेला पोरगाच होणार. तेवढ्यात माझी चुलतसासू आली, बाजेखाली वाकून पाहिलं आणि सासूला म्हणाली, "पुढच्या खेपेला पोरगा बघू नको, हिला पुरायला जागा बघ."

निजामाच्या अख्ख्या मुलखात इतकी तोंडाळ बाई दुसरी नसेल. साठी उलटलेली विधवा, गळ्यात लिंगायताचं लिंग, गालात तंबाखू. भांडण कानडीत, शिव्या दखनीत, मराठी फक्त देवासाठी आणि आम्हा सुनांसाठी. कुणाच्याही घरात शिरून भांड्यावरचं झाकण उघडायची, मीठ कमी आहे म्हणायची आणि सुनेच्या तोंडाकडे बघून कितवा महिना ते सांगायची.

आळंदच्या दवाखान्यात बाजारच्या दिवशी गुलबर्ग्याहून डॉक्टरीण यायची. तेलात भिजवलेला कापसाचा बोळा वापरून दिवस जाणं कसं टाळायचं ते ती शिकवते, हे सगळ्या बायकांना ठाऊक होतं. पण खिडकीत कंपाउंडर बसलेला. तो आधी दुखणं विचारायचा आणि पडद्याआडच्या डॉक्टरणीला ओरडून सांगायचा. ओसरीवर निम्मा बाजार. कुठली सून जाईल? आमच्या मालकांची अब्रू त्या खिडकीत टांगलेली होती. आमचा जीव कुठेही टांगला तरी त्यांचं काही जात नव्हतं.

म्हणून चुलतसासू आमची दुखणी स्वतःची म्हणून सांगायची. डॉक्टरीण ओळखून औषध द्यायची, ही ते घरोघर पोचवायची. लिहिता येत नव्हतं, तेव्हा पदराला एकेकीची एकेक गाठ. काम झालं की सोडायची. लुगडं बदललं की राहिलेल्या गाठी नव्या पदराला बांधायची. एकदा कंपाउंडर ओरडला, "बाईसाब, ये बुढ्ढी का महिना चुक्या बोलते." ओसरी हसली. ही शांतपणे म्हणाली, "व्हय, चुकलाय. कामून ते तुझ्या बापाला इचार."

माझ्या वेळी मात्र तिच्या गाठींची अदलाबदल झाली. शेजारच्या सुनेला मूल होत नव्हतं. तिचं औषध मला आलं, माझा बोळा तिला गेला. दिवस राहायची बाटली मी दोन आठवडे मुकाट प्याले. शेजारीण तो कापूस कशाला म्हणून विचारायला आली तेव्हा उलगडलं. चुलतसासू चूक कबूल करणाऱ्यातली नव्हती. पुढच्या बाजारी तिने आम्हा दोघींना गाडीत तुरीच्या पोत्यांवर बसवलं. माझे मालक आडवे आले, लोक काय म्हणतील म्हणाले.

"तू एकदा बाळंत हो. मग लोकाचं बघू."

खिडकीत मी दुखणं सांगितलं. कंपाउंडरने ओरडायला तोंड उघडलं तसं तिने पदराची एक गाठ त्याच्या नाकासमोर धरली. हळू आवाजात म्हणाली, "ही तुझ्या बायकोची हाय. मोठ्यानं सांगू का?"

त्याने तोंड मिटलं. आम्ही आत गेलो. त्यानंतर सुना स्वतः जाऊ लागल्या आणि तो ओरडला नाही. स्वतःच्या बायकोला मात्र त्याने दवाखान्याची पायरी चढू दिली नाही.

चार वर्षांनी चुलतसासू गेली. लिंगायतांच्या रीतीने तिला बसवून पुरायला नेण्याआधी मी तिचा पदर सारखा केला. एकच गाठ राहिली होती. कंपाउंडरच्या बायकोची. ती आदल्या वर्षीच सातव्या बाळंतपणात गेली होती. मी ती गाठ सोडली नाही.

शेजारणीला पोरगा झाला. मला दोन मुली झाल्या, मी ठरवलं तेव्हा. आम्ही दोघी जगलो.