मुडदूस, कोवळं ऊन आणि माशाचं तेल

एकमेकांवर काडीचा विश्वास नसलेली माणसं एका छपराखाली जमली की किस्से आपोआप साठतात. आमचा दवाखाना तर संशयावरच चालायचा! साठ सालाच्या आसपास मी अकोल्यात, जठारपेठेत कंपाउंडर होतो. मुडदुसाची पोरं फार यायची. हाडं मऊ, छाती आत ओढलेली. साध्या खोकल्याचा न्यूमोनिया व्हायचा आणि पोर हातचं जायचं. डॉक्टरांचा उपाय ठरलेला: ‘डी’ व्हिटॅमिन, म्हणजे माशाचं तेल आणि सकाळचं ऊन.

* * *

एका शेतकऱ्यानं तेलाची बाटली मुकाट्यानं नेली. पंधरा दिवसांनी मी विचारलं, तर म्हणाला, बैलबंडीच्या आखाला घातलं, आता चाक कुरकुरत नाही. आणि पोराला?

“असा वास मारते, पोराच्या पोटात काहून घालू?”

त्या दिवसापासून डॉक्टर प्रत्येक पोराचं तोंड हुंगायला लागले.

* * *

तरी एकीनं चकवलंच. पोराच्या तोंडाला वास नाही, पण खोलीभर दरवळ! बाईनं सगळं तेल त्याच्या छातीला चोळलं होतं. दुखणं छातीचं, मग पोटात कशाला, हा तिचा सवाल. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला.

* * *

उन्हावरही लोकांचा भरवसा नव्हता. फुकटचं औषध सांगतो तो डॉक्टर कसला? एक मास्तर शांतपणे म्हणाले, “उन्हात ताकद असती तं अकोल्यात सारे पहिलवानच असते, डॉक्टरसाहेब.”

डॉक्टर त्या वेळी रुमालानं मान पुसत होते.

* * *

मोर्शीकडची गिरजाबाई नातीला घेऊन आली. पोर अडीच वर्षांची, दोनदा न्यूमोनियातून उठलेली. नजर लागू नये म्हणून म्हातारीनं तिला जन्मापासून आतल्या खोलीत गोधडीत ठेवलेलं. थोरला नातू असाच खोकत गेला होता, तोही कुठल्याशा डॉक्टरचं औषध घेतल्यावर. आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तिसऱ्यांदा न्यूमोनिया झाला तर पोर वाचणार नाही.

म्हातारीनं बाटली हातात घेऊन हुंगली. मग गळ्यातली तुळशीची माळ काढून तिनं खिडकीच्या गजाला अडकवली.

“आदी मले पाजा.”

मी चमचाभर तेल दिलं. तिनं डोळे मिटून गिळलं आणि नातीला मांडीवर घेऊन बाकावर बसली. दुपार झाली, ती हलली नाही. मी चहा विचारला, तोही घेतला नाही.

दिवस कलल्यावर उठली, पोर माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, “जित्ती हाय मी. आता हिले पाजा.”