सासऱ्यांचा नाच आणि माझं लिनक्स

माझ्या लग्नाच्या वरातीत माझे सासरे नाचले होते, आणि ही गोष्ट त्यांना सोडून सगळ्यांना मान्य होती. विषय निघाला की ते आपल्या गावच्या, ईटच्या पीकपाण्यावर बोलायला लागायचे.

पुरावा मात्र माझ्याकडं होता. लग्नाची कॅसेट मी एका छोट्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतली होती. ती वाशीतल्या आमच्या कंप्युटरला कायम जोडलेली असे. कंप्युटर जुना, म्हणून मी त्यात विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची सिस्टिम टाकलेली (बायकोच्या मते, रिकामा वेळ टाकलेला). पण कंप्युटर सुरू केला की दर वेळी पडद्यावर क्लिक करून डिस्क उघडावी लागे. त्याचाही मला कंटाळा! म्हणून इंटरनेटवर वाचून सेटिंगच्या फायलीत एक ओळ लिहिली, की कंप्युटर सुरू होतानाच डिस्क आपोआप उघडावी. जमलं. मग शाळेतल्या स्टाफरूममध्ये ज्याला त्याला तेच सांगत सुटलो.

दिवाळीत सासू-सासरे आले. जेवणानंतर लग्नाचा व्हिडिओ बघायचा, असं बायकोनं सकाळीच जाहीर केलं. दुपारी शेजारीही येऊन बसले. मी बटण दाबलं. बराच वेळ काळा पडदा, मग पांढरी अक्षरं: इमर्जन्सी मोड. ती मी मोठ्यानं वाचली, हे चुकलं. सासूबाईंनी घाबरून विचारलं, कुणाला दवाखान्यात न्यायचंय का.

मी कॅबिनेट उघडलं. धूळ झटकली, रॅमची पट्टी काढून खोडरबरानं पुसली. पुन्हा इमर्जन्सी! शेवटी डॉक्टरच्या आवाजात सांगितलं, की मशीन गेलं.

"अहो, पोरीचे लहानपणीचे सगळे फोटो यातच होते ना?" बायकोचे डोळे भरून आले.

ते बघून सासरे उठले आणि बंडीच्या खिशातून डिस्क काढून माझ्यापुढं धरली.

"जावईबापू, सकाळी म्याच उपटली. नाच दिसू न्हाय म्हणून. मशीनच जाईल असं वाटलं न्हाय वो."

तेव्हा कुठं उजेड पडला. माझ्या त्या ओळीमुळं कंप्युटर डिस्कची वाट बघत अडून बसला होता. मी त्याचं पोट फाडलं, पण डिस्कची जागा रिकामी आहे हे काही बघितलं नव्हतं!

डिस्क लावली, कंप्युटर मुकाट सुरू झाला. पडद्यावर सासरे फेटा सांभाळत असे नाचत होते की शेजाऱ्यांनी पुन्हा लावायला लावलं. सासूबाईंना हसू आवरेना. मग सासरेच म्हणाले, जरा मागं घ्या, गिरकी नीट दिसली न्हाय.

तेवढ्यात घोड्यावरून उतरून एक इसम नाचायला आला. हात एकीकडं, पाय भलतीकडं. शेजाऱ्यानं विचारलं, हे कोण.

"जावई आमचे," सासरे शांतपणे म्हणाले. "तवा आमाला बी शंका आल्ती."

त्याच संध्याकाळी मी त्या ओळीत एक शब्द वाढवला. आता डिस्क नसली तरी कंप्युटर बिनबोभाट सुरू होतो. तसं करणं भागच होतं, कारण हल्ली पाहुणे येणार म्हटलं की डिस्क मीच उपटतो.