गोधडीचं वजन धरत नाहीत

आमचे हे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा गावानं हार घातले, जीपमधून मिरवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. फळीवरचे डबे उंचीप्रमाणे लावलेले नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच डब्यांतलं काढून मी मुलगी वाढवली, सासू-सासऱ्यांचं शेवटपर्यंत केलं, दिराच्या बरोबरीनं उसाचं बघितलं, आणि उंचीवाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. पण नवीन माणसाला सुरुवातीला सांभाळून घ्यावं लागतं.

मधे काही काळ ते शिरवळला एका कंपनीच्या गेटवर होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तेही सुटलं. मग ते पुरते घरी बसले आणि आम्हाला बसायची सोय राहिली नाही. दूधवाल्यानं कॅन कुठं ठेवायचा, दिरानं ट्रॅक्टर कसा लावायचा, कुत्र्यानं कुठं झोपायचं, सगळ्याचे हुकूम सुटायचे. कुत्रं तेवढं ऐकायचं.

वाकळा मी आधीपासून शिवते. इस्लामपूरच्या आसपास घरोघरी बायका शिवतात, त्यात विशेष काही नाही. आमची मुलगी शिरवळच्याच एका कारखान्यात माल पाठवायच्या विभागात आहे. तिनं माझ्या एका वाकळेचा फोटो इंटरनेटवरच्या दुकानात लावला. तिथं वाकळ म्हटलेलं कुणाला कळणार नाही, म्हणून ती गोधडी झाली. पहिलीच मागणी जर्मनीतून आली. मी दोनदा विचारलं, जर्मनीत थंडीचं पांघरायला मिळत नाही का? मुलगी म्हणाली, "आई, ते पांघरायला नाही, भिंतीवर लावायला घेतात." गिऱ्हाइकाशी वाद घालू नये.

"पार्सल मी करतो," हे म्हणाले. हातातला चहा खाली ठेवून, उभे राहून म्हणाले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते इतक्या चटकन उठलेले मी पाहिले नव्हते.

त्यांचं पार्सल असं असायचं. आधी घडी, चारही कोपरे एकावर एक. घड्यांमध्ये वाळवलेला कडुनिंबाचा पाला, कसर लागू नये म्हणून. त्यावर धुऊन वाळवलेलं खताचं पोतं. मग बेदाण्याचा जुना बॉक्स, वर द्राक्षाचे घड छापलेला, आणि मोकळ्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे. बॉक्सवर मांजरपाटाचं कापड ताणून दाभणानं शिवायचं. त्यावर उभी-आडवी सुतळी, सुतळीच्या प्रत्येक गाठीवर लाख. शेवटी पत्ता, निळ्या शाईनं, एकेक अक्षर उभं सावधान. ह्या सगळ्याला आख्खी दुपार लागायची. दाभणाला कुणी हात लावायचा नाही.

पोस्टातली खिडकीवरची बाई पहिल्यांदा ते उचलून म्हणाली, "आवं सुभेदार, ह्यात माणूस हाय का काय?"

"माल हाय," हे म्हणाले. "पण पोचल तवा असाच पोचल."

तो पोचला. मधे कुठल्याशा नाक्यावर कुणीतरी कापडाचा कोपरा उसवला, आत द्राक्षं छापलेली बघून बॉक्स फोडला, बेदाणे सापडले नाहीत म्हणून परत कसाबसा बांधला. फोडल्याचा ह्यांना राग नव्हता. परत बांधलं ते वाकडं, ह्याचा होता. जर्मनीतल्या गिऱ्हाईक बाईनं लिहिलं की गोधडी फार सुंदर आहे, आणि पार्सल तिनं आणि नवऱ्यानं मिळून संध्याकाळभर उघडलं. मुलीनं हे हसत हसत वाचून दाखवलं.

"दोघांनी मिळून," हे मला म्हणाले. "बघ."

खरं सांगते, ते दिवस मला फार आवडले. मी वाकळ संपवत आणायची आणि हे शेजारी घडीची तयारी करत बसायचे. बसल्या बसल्या एखाद्या तुकड्यावर बोट ठेवून विचारायचे, "ह्यो कुठला?" मी सांगायची. हा तुमच्या आईच्या शेवटच्या लुगड्याचा. हा पोरीच्या शाळेच्या झग्याचा. हा महापुरात भिजलेल्या चादरीचा, डाग गेला नाही म्हणून कापला. त्यातल्या एकाही वेळी ते घरात नव्हते. ते ऐकून घ्यायचे आणि मग सुतळी कापायचे. डब्यांच्या उंचीचा विषय बंद झाला होता. दूधवाला कॅन मनाला येईल तिथं ठेवत होता. माणसाला घरात एक जागा लागते आणि ह्यांना ती सापडली होती, हे मला दिसत होतं, आणि मला त्याचा आनंद होता.

मग दुकानाकडून सूचना आली. मुलीनं ती वाचली आणि फोनवर मराठीत सांगितली. जर्मनीत माल पाठवणाऱ्या प्रत्येकानं, मग तो कितीही छोटा असो, आपल्या आवरणाची नोंद करायची. आवरण म्हणजे मालाबरोबर जाऊन तिथल्या कचऱ्यात पडतं ते सगळं. वर्षाला कागद किती, प्लास्टिक किती, इतर किती, हे वजनावर सांगायचं, आणि ते गोळा करून त्याचं पुन्हा काही बनवायला जो खर्च येतो त्यातला आपला वाटा भरायचा. नोंदणी क्रमांक दिला नाही तर जर्मनीतली विक्री बंद. आणि आमची बहुतेक गिऱ्हाइकं जर्मनीतली. भिंतींचा हा नाद दुसऱ्या कुठल्या देशाला अजून लागलेला नाही.

ह्यांना नियम पटला. वरून आलेली गोष्ट त्यांना सहसा पटते. अडचण पुढं आली. मुलगी एकेक वस्तू विचारत गेली आणि हे सांगत गेले.

"पाला?" ती ओरडली. "पप्पा, पाला नाही पाठवायचा. झाडपाल्याला बंदी असते."

"त्येंच्याकडं कसर लागत न्हाई काय?"

"तो काढाच. आणि बॉक्स हिशेबात धरायचा."

"जुना हाय की त्यो. बेदाणंवाल्यानं भरलं असंल त्याचं."

"तासगावच्या बेदाणेवाल्यानं जर्मनीत नाही भरलं, पप्पा. जुना असला तरी धरतात."

वर्तमानपत्र कागदात गेलं. पोतं प्लास्टिकमध्ये गेलं. मांजरपाट, सुतळी, लाख ही सगळी ह्यांची खास कामं 'इतर' नावाच्या रकान्यात गेली. आख्ख्या दुपारची मेहनत एका शब्दात बसली आणि तो शब्द 'इतर' होता. मी दिवाळीच्या लाडवांसाठी घेतलेला डिजिटल काटा आणला. एक तयार पार्सल उघडून आवरण आणि गोधडी वेगवेगळी तोलली. आवरण गोधडीपेक्षा जड भरलं.

मुलगी आकडा ऐकून म्हणाली, "कमी लिहू या. कोण तिथून बघायला येणार आहे?"

"खोटा आकडा वर जायाचा न्हाई," हे म्हणाले. "लिवलंय तेवढंच पार्सल करायचं. किती लिवायचं ते तू सांग."

तिनं तिच्या कारखान्याच्या हिशेबानं सांगितलं. एक हलका बॉक्स, कागदी चिकटपट्टी, पत्त्याचं लेबल. हे ऐकून ह्यांनी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले. मला वाटलं होतं चिडतील, आदळआपट करतील. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी तो हुकूम मनापासून पाळला. आधी लाख गेली. मग सुतळी एकपदरी झाली, मग तीही गेली. पोतं गेलं, बोळे गेले. गोधडीची घडी अशी बसवली की बॉक्सच लहान घेता आला. प्रत्येक वेळी काट्यावर ठेवून बघायचे आणि मुलीला फोन करून सांगायचे, अजून कमी झालं. मुलगी म्हणायची, "वा पप्पा!" शेवटी मांजरपाट गेलं. त्या दिवशी पार्सल चहा निवायच्या आत झालं. पत्तासुद्धा लिहायचा नव्हता, छापील चिकटवायचा होता.

पोस्टातल्या बाईनं ते एका हातानं उचललं. "ह्ये लय हलकं झालं की," ती म्हणाली. हे नुसतं "व्हय" म्हणाले.

त्यानंतर हे काटा घेऊन बसायला लागले. तोलायला आवरण उरलं नव्हतं, म्हणून दुसरं काहीतरी तोलायचे. चष्मा तोलला. चपला तोलल्या, आणि उजवी डावीपेक्षा जास्त झिजली असं मला येऊन सांगितलं. मी ऐकून घेतलं. दूधवाल्याचा कॅन पुन्हा चर्चेला आला. मग एक दिवस मी चुलीपाशी असताना त्यांनी माझ्या भाकरी उचलून काट्यावर ठेवल्या, एकीमागून एक, आणि म्हणाले, "ह्यातली एक बी दुसरीएवढी न्हाई."

माझा तोल गेला. पिठाच्या हातानंच मी काटा ओढून घेतला. "आवं, तुमी काय घराची झडती घ्यायला आलाय का? माझ्या भाकरी तोलताय? जा की कुठंतरी! काहीतरी करा की!"

"काय करू?" ते म्हणाले.

आवाज चढला नव्हता. हुकुमाची वाट बघणाऱ्या माणसाचा आवाज होता. "तू सांग. मी काय करू?"

मला खूप वाईट वाटलं. ज्या माणसानं आयुष्यभर सांगितलेलं काम केलं, त्यानं हेही सांगितलं तसं केलं होतं. आपलं काम आपल्याच हातानं काट्यावर ठेवून कमी कमी करत संपवलं होतं, आणि आम्ही दोघी वा वा म्हणत होतो. तव्यावरची भाकरी करपली. मी ती कुत्र्याला घातली. तिचं वजन कुणी केलं नाही.

दुपारी मी त्यांच्यापुढं अर्धी झालेली वाकळ टाकली आणि दाभण दिलं. कपाटात घडी करून ठेवलेलं मांजरपाटही काढलं. "ह्ये खालनं अस्तर म्हणून लावायचं. कड तुमी शिवा."

"वजन वाढंल," ते म्हणाले.

"वाकळंचं वजन धरत न्हाईत."

त्यांचा माझ्यावर विश्वास बसला नाही. त्यांनी मुलीला फोन लावला. ती कामात होती, तरी त्यांनी विचारायचं ते विचारलं. ती म्हणाली, "नाही धरत, पप्पा. तो माल आहे. फक्त आवरण धरतात."

"कितीबी जड आसू दे?"

"कितीही असू दे."

त्यांनी फोन ठेवला आणि चष्मा पुसला. पहिली कड त्यांनी पार्सलासारखी शिवली. ती इतकी घट्ट होती की वाकळ ताठ उभी राहील असं वाटलं. मी ती उसवायला सांगितली. त्यांनी उसवली. दुसऱ्यांदाही उसवायला सांगितली, तेव्हा म्हणाले, "तू ट्रेनिंगला लय कडक हाईस." मग मी त्यांच्या हातातलं दाभण काढून घेऊन साधी सुई दिली आणि टाका कसा घालायचा ते दाखवलं. दिरानं येता-जाता दोन-चार टोमणे मारून बघितले. ह्यांनी त्याला बसवून घेतलं आणि आतला एकेक तुकडा दाखवला, हा आईच्या लुगड्याचा, हा पुरातल्या चादरीचा. दीर त्या सगळ्या वेळी घरात होता. तरी हे त्याला सांगत होते, आणि तोही ऐकत बसला.

आता आमच्या गोधड्या वजनाला जड जातात. टपालखर्च वाढला म्हणून मुलगी कुरकुरते, आम्ही तिचं ऐकत नाही.

वर्ष संपल्यावर प्रत्यक्षात किती आवरण गेलं ते कळवावं लागतं. मुलगी सुट्टीला घरी आली होती. ती लॅपटॉप घेऊन बसली, हे शेजारी कड शिवत होते, आणि मी लसूण सोलत होते. कागदाचा आकडा तिनं भरला. प्लास्टिक शून्य. ह्यांनी सुई थांबवली.

"ह्यात माझं किती?" ते म्हणाले.

मुलगी माझ्याकडं बघायला लागली. तिला हा रकाना सापडत नव्हता.

"तुमचं ह्यात न्हाई," मी म्हणाले. "फेकून द्यायचं आसतंय तेवढंच ह्यात. तुमचं घरात ऱ्हातंय."

त्यांनी हातातली कड उलटी करून आतला टाका बघितला. मग मुलीला म्हणाले, "इतरमधी शून्य घाल."

तिनं घातलं. मग त्यांनी सुई आणि दोरा माझ्यापुढं धरला, ओवून दे म्हणून.