घट्ट शिवलेलं शीड

२५ जानेवारी. युरियाच्या आठ रिकाम्या गोण्या उसवून, धुऊन, वाळवून मशीनवर घेतल्या. भावाच्या होडीचं शीड शिवायचं होतं. सावेडीत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. त्या दिवशी लग्नघरच्या दोन बायकांना परत पाठवून मी खताच्या गोण्या शिवत बसले होते.

माझं माहेर धरणाच्या काठावर. तिथल्या मासे धरणाऱ्यांची सव्वीस जानेवारीला शिडाच्या होड्यांची शर्यत असते. वारा पाठीवर घ्यायचा आणि पलीकडचा काठ गाठायचा. जो आधी पोचेल, त्यानं वर्षभराची जाळं टाकायची जागा आधी निवडायची. भावाकडे जुन्या नदीपात्रावरची खोल जागा होती. ती गेली तर वाट्याला यायच्या बुडालेल्या बाभळी. तिथं मासे कमी सापडतात आणि जाळी जास्त फाटतात.

"आक्का, टाके ढिले घाल," भाऊ फोनवर म्हणाला. "शिवनीतनं वारा निसटाया पायजे."

"तू मासे धर. मला शिवण शिकवू नकोस."

मी शिवलेल्या ब्लाऊजातली बाई दुप्पट झाली तरी शिवण उसवत नाही, अशी माझी ख्याती. मी प्रत्येक जोडावर दुहेरी टीप मारली.

यंदा शर्यतीला एक पुढारी लाभले होते, त्यामुळे ती 'पारंपरिक' झाली होती. गोण्यांवरची खताची अक्षरं आतल्या बाजूला ठेवा, असा निरोप आला. आमच्या पूर्वजांना बहुधा कोऱ्या गोण्या मिळत असाव्यात.

होडीत दोघं लागतात. भावजयीचा पाय मुरगळला होता. "वन्सं, तुमीच बसा," ती म्हणाली. "होडीला वजन बी हुईल." तिचा पाय मुरगळलेला होता, म्हणून सोडून दिलं.

शर्यतीच्या सकाळी आठला वारा शहाण्यासारखा वाहत होता. पाहुणे साडेअकराला आले. मग त्यांनी पाण्याचं महत्त्व सांगितलं, जन्मभर पाण्यात असलेल्या माणसांना. भाषण संपेस्तोवर वारा चांगलाच तापला होता.

निघालो ते सगळ्यांच्या पुढे. मी मनातल्या मनात सत्कार स्वीकारत होते. निम्म्या पाण्यात झोत आला. मागच्यांच्या शिडांच्या शिवणी फाकल्या, वारा त्यातून निघून गेला. आमच्या शिडानं तो सगळा पोटात घेतला. होडीचं नाक खाली गेलं आणि घोट्यापर्यंत पाणी आलं.

"आक्का, काप!"

"काय कापू?"

"तुजी शिवन! बुडिवतीस व्हय मला?"

दुकानातलं ब्लेड माझ्या कमरेच्या पिशवीत असतंच. तीन जोड वरपासून खालपर्यंत चिरले. शिवण माझीच, सहजी सुटेना. होडी सरळ झाली तोवर तीन होड्या बाजूनं निघून गेल्या. त्यातला एक जण जाता जाता ओरडला, "आक्का, शीड शिवलं का पाकीट?"

आम्ही चौथे आलो. पहिल्यानं क्षणभरही विचार न करता भावाची खोल जागा मागितली. भावाच्या पाळीला बाभळीच उरल्या होत्या.

नंतर मंडपात मला शाल मिळाली. फाटक्या शिडानिशी झुंज दिल्याबद्दल. माईकवाल्यानं मला रणरागिणी म्हटलं. शीड मीच फाडलं होतं, हे सांगायला मला कोणी माईक दिला नाही.

"ब्लाऊजांची शर्यत असती तर पयला नंबर हुता आपला," भाऊ म्हणाला. आणि चिरलेलं शीड गुंडाळायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सावेडीची गाडी सोडून दिली. दाभण घेऊन चिरलेले जोड हातानं शिवले, बोट जाईल एवढ्या ढिल्या टाक्यांनी. मग कोयता घेऊन भावाबरोबर होडीत बसले आणि बाभळींच्या जाळी फाडणाऱ्या, हाताला लागतील तेवढ्या फांद्या दुपारपर्यंत तोडल्या.